अहात्यातला बेंजो

कुटुंबाच्या पानावर दारूच्या दुकानाची गोष्ट कशाला, असं काही वाचकांना वाटेल. वाटणं साहजिक आहे. आपल्याकडे ‘बार अँड रेस्टॉरंट’ अशी पाटी दिसली की मुलाबाळांना घेऊन निघालेला माणूस आधी ‘फॅमिली रूम आहे का?’ असं विचारतो आणि नसली तर पुढच्या खानावळीची वाट धरतो. पण चांगला पदार्थ कुठं जन्माला यावा, याचा काही नियम नाही. मध्य प्रदेशातल्या उदयनगर या लहानशा गावात, दारूच्या दुकानाला लागून असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मला एक पदार्थ भेटला. आज बेळगावात आमच्या घरी पावसाळा लागला की तो होतोच. त्याची ही हकीकत.

माझे भावोजी बँकेत होते. २००९ मध्ये त्यांची बदली उदयनगरला झाली. पत्र आलं तेव्हा घरात कुणालाच हे गाव नकाशात सापडेना. ‘जिल्हा देवास’ एवढं वाचलं आणि आईचा चेहरा एकदम खुलला. देवास म्हटलं की तिला एकच माणूस आठवतो. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ ला जन्मलेले शिवपुत्र कोमकळी, म्हणजेच पंडित कुमार गंधर्व. क्षयाच्या दुखण्यात कोरडी हवा मानवेल म्हणून ते १९४८ मध्ये देवासला गेले आणि मग तिथलेच झाले. अंथरुणाला खिळलेले असताना कानावर पडलेली मालव्याची लोकगीतं त्यांनी पुढं आपल्या गाण्यात आणली. १२ जानेवारी १९९२ ला त्यांनी देवासलाच देह ठेवला. कन्नड घरातला मुलगा, मराठी माणसांचा लाडका गवई आणि संसार मालव्यात! ‘आपल्यातलाच तो,’ असं आई म्हणते. यातलं ‘आपल्यातला’ म्हणजे कन्नड की मराठी, हे तिनं कधी स्पष्ट केलेलं नाही.

कारण आमचं घरच तसलं. आईचं माहेर बैलहोंगलकडचं, लिंगायत, घरात अंडंसुद्धा वर्ज्य. बाबा मराठा, रविवारी मटण नसलं तर रविवार वाटायचाच नाही असे. त्या काळी हे लग्न कसं जमलं ती वेगळी कादंबरी आहे. स्वयंपाकघराचा तह मात्र साधा होता. आतल्या चुलीवर आईचं राज्य. बाबांना आम्लेट हवं असेल तर परसात स्टोव्ह, वेगळा तवा, वेगळं उलथनं, आणि करायचं त्यांनी स्वतः. चाळीस वर्षं हा तह दोघांनी पाळला. २००८ मध्ये बाबा गेले. त्यानंतर तो परसातला तवा कुणी वापरला नाही आणि कुणी टाकूनही दिला नाही.

२०१० च्या ऑगस्टमध्ये मी आईला घेऊन अक्काकडे गेले. देवास शहर मराठी माणसाला परकं वाटत नाही. पवार घराण्याच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन संस्थानं या एकाच गावात नांदली. टेकडीवर देवीचं ठाणं आहे, आणि जुन्या वस्तीत अजून मराठी कानावर येतं. उदयनगर मात्र जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, बागलीच्या बाजूला. नर्मदेच्या खोऱ्याकडं उतरत जाणारा डोंगराळ मुलूख, आदिवासींची वस्ती, आणि पावसाळ्यात जिकडं पाहावं तिकडं मका आणि सोयाबीन.

तिसऱ्या दिवशी दुपारी भावोजींच्या बँकेतला शिपाई वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन पुडकी देऊन गेला. एकावर पेन्सिलीनं फुली मारलेली होती. फुलीवालं अंड्याचं, दुसरं बिनअंड्याचं. ‘बेंजो आहे, गरम आहे तोवर खा,’ अक्का म्हणाली.

बेंजो हा इंदूरकडचा पदार्थ. गोल बनपाव मधोमध चिरायचा, तव्यावर लोण्यात शेकायचा, कांदा-मिरची-कोथिंबीर घातलेलं आम्लेट त्यात दुमडून घालायचं की झाला बेंजो. इंदूरच्या ‘छप्पन दुकान’ या खाऊगल्लीत ‘जॉनी हॉट डॉग’ नावाचं प्रसिद्ध दुकान आहे, तिथं हॉट डॉगच्या बरोबरीनं लोक बेंजोसाठी रांग लावतात. नावाची गंमत मला बेळगावला परतल्यावर कळली. आमच्या शेजारचे निवृत्त सुभेदार काका ते ऐकून हसलेच. ‘अगं, हा तर आमचा अंडा बँजो! फौजेत सगळ्यांना माहीत आहे.’ इंग्रज शिपाई तळलेल्या अंड्याच्या सँडविचला ‘एग बँजो’ म्हणत. त्याची गोष्ट अशी सांगतात की, खाताना अंड्याचा पिवळा बलक सदऱ्यावर ओघळतो. मग शिपाई सँडविचचा हात कानापाशी उंच नेतो आणि दुसऱ्या हातानं छातीवरचा बलक पुसतो. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, गडी बँजो वाजवतोय.

आता इंदूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर महू आहे. १८१८ पासूनची ही लष्करी छावणी. सुभेदार रामजी सकपाळ तिथं नोकरीला असताना १४ एप्रिल १८९१ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला, म्हणून २००३ मध्ये गावाला डॉ. आंबेडकर नगर हे नाव मिळालं. लष्कराचं इन्फंट्री स्कूल महूला, आणि त्याच स्कूलची ज्युनिअर लीडर्स विंग आपल्या बेळगावात. काकांच्या मते महू आणि बेळगाव या सख्ख्या बहिणी, फक्त एकीच्या सासरी अंडं जास्त खपतं. छावणीतला बँजो इंदूरच्या गाडीवर येऊन बेंजो झाला, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

पण उदयनगरचा बेंजो इंदूरचा नव्हता. पहिल्याच घासाला मी थांबले. आम्लेटच्या खाली काहीतरी मऊ, गोडसर, दाणेदार होतं. वरून शेव चुरलेली, तिचा कुरकुरीतपणा. मग जिरावनचा आंबट-तिखट झटका. जिरावन म्हणजे मालव्यात पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला, ज्यात जिरं, धणे, बडीशेप, सुंठ, आमचूर, काळं मीठ असं बरंच काही असतं. आणि ते मऊसर काय? तो होता भुट्ट्याचा कीस. कोवळी मक्याची कणसं किसून, तुपाच्या फोडणीवर परतून, दूध घालून शिजवलेला. मालव्याच्या घराघरांत पावसाळ्यात होतो. पण घरात तो वाटीत येतो. पावात घालून, वर आम्लेट दुमडून देण्याची कल्पना कुणाची?

आईच्या पुडक्यात आम्लेटऐवजी कीसच दुप्पट होता. तिनं सावकाश, पूर्ण खाल्ला. मग म्हणाली, ‘छलो अद.’ उत्तर कर्नाटकातल्या माणसाकडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही! धारवाडकडे मक्याला गोविनजोळ म्हणतात. त्याचं असंही काही होतं, हे तिला सत्तरीच्या उंबरठ्यावर कळत होतं. पुढचा प्रश्न अर्थातच आला. ‘यार माड्यार इदु?’ कुणी केलंय हे?

अक्कानं आडपडदा न ठेवता सांगितलं. दारूच्या दुकानाचा अहाता आहे, तिथला चकण्याचा ठेकेदार करतो.

अहाता म्हणजे काय, ते आपल्याकडच्या वाचकांना सांगायला हवं. मध्य प्रदेशात दारूच्या दुकानाला लागून एक आवार असायचं. सरकारी परवान्यानं. दुकानातून बाटली घ्यायची आणि आवारात बसून प्यायची. आत चणे, भजी, अंडी विकणारा एखादा माणूस असायचा. बार म्हणा, पण खुर्च्या-गाद्यांचा थाट नसलेला गरिबांचा बार.

मला वाटलं, आता आई उलटी करणार. ती एवढंच म्हणाली, ‘तवा वेगळा आहे का, ते मला बघायचंय.’

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता आम्ही तिघी निघालो. इरकल नेसलेली, कपाळावर विभूती लावलेली माझी आई दारूच्या अहात्याकडं ताठ मानेनं चालत निघाली आहे, हे दृश्य उदयनगरच्या बाजारानं बराच वेळ पाहिलं. आत जायची गरज नव्हती. शेडला रस्त्याच्या बाजूनं एक खिडकी होती. ज्यांना आत जायचं नसे त्यांना तिथून पुडकी मिळत. खिडकीतून आतली भट्टी दिसत होती. तिच्यावर दोन तवे, मध्ये उभा लावलेला पत्रा. एका तव्यावर अंडं, दुसऱ्यावर फक्त पाव आणि कीस. पन्नाशीचा एक माणूस दोन हातांत दोन उलथनी घेऊन दोन्हीकडं लक्ष ठेवत होता.

‘माताजी, इस तवे पे अंडा नहीं चढ़ता,’ त्यानं न विचारताच सांगितलं. श्रावण पाळणारे आणि नवरात्रातलं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून त्यानं ही सोय केली होती.

आई त्या दोन तव्यांकडं बघत राहिली. नंतर हळूच म्हणाली, ‘तुझ्या बाबांना हा पत्रा सुचला असता तर परसात जावं लागलं नसतं त्यांना. पावसात भिजत आम्लेट करायचे.’ एवढंच. पुढं काही बोलली नाही.

कीस मात्र तो करत नव्हता. तो घरून यायचा. भट्टीमागच्या दारातून एक बाई मोठं पातेलं घेऊन आली, ठेवलं आणि लगेच परत फिरली. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधलेली होती. आईनं ते पाहिलं. तिनं त्या बाईला खिडकीशी बोलावून घेतलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, मधे अक्का दुभाषी. किसणीनं बोटं सोलतात, पावसाळ्यात रोज शंभरावर कणसं किसायची असतात, असं ती म्हणाली. मूळ युक्तीही तिचीच निघाली. अंडी महाग झाली तेव्हा एका अंड्याचा बेंजो दोन अंड्यांइतका पोटभर लागावा म्हणून तिनं खाली कीस भरून पाहिला. मका गावचा, जवळजवळ फुकटातला. पिणाऱ्यांच्या पोटाला तो मऊ पडला, आणि मग लोक पुडी बांधून घरी नेऊ लागले. बारा रुपयांना एक. ज्या पदार्थासाठी तो अहाता ओळखला जाई तो जिनं शोधला, ती बाई मात्र पातेलं ठेवण्यापुरतीच तिथं पाय ठेवत होती.

‘मग दुसरीकडं का विकत नाही?’ आईनं विचारलं. ती म्हणाली, गिऱ्हाईक इथंच येतं, काय करणार.

याचा दुसरा भाग आम्ही शनिवारी संध्याकाळी पाहिला. बाजाराचा दिवस, मजुरीचे पैसे हातात पडलेले. अहाता गच्च भरला होता, बेंजोच्या तव्यांना उसंत नव्हती. आणि रस्त्याच्या पलीकडं, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर सात-आठ बायका बसल्या होत्या. कुणाच्या मांडीवर मूल. अक्काकडे धुणंभांड्याला येणारी बाईही त्यांत होती. नवऱ्याचे पैसे संपायच्या आत तो बाहेर यावा, एवढ्यासाठी त्या बसत. आत जायची सोय नाही आणि घरी जायचा धीर नाही. त्या दिवसापासून आईनं नियम केला, बेंजो आणायचा तो दुपारी. संध्याकाळच्या तव्यावरचं काही आपल्या घरात नको. खाणं सोडलं नाही, पण ते कुठून येतं हे विसरायलाही ती तयार नव्हती.

आपल्या भागातल्या बायकांना हे पायऱ्यांवर बसणं समजावून सांगायला नको. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून अरक बंद झाली, त्यामागं कितीतरी गावांतल्या बायकांचा आवाज होता. सीमेच्या अलीकडं महाराष्ट्रात ‘आडवी बाटली’ला मतं टाकून बायकांनी दुकानं बंद पाडली. मध्य प्रदेशातही ही हवा होती. मार्च २०२२ मध्ये माजी मुख्यमंत्री उमा भारती यांनी भोपाळमधल्या एका दारूच्या दुकानावर दगड भिरकावला, ते सगळ्यांनी वाचलं असेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळानं राज्यातले सगळे अहाते बंद करायचं ठरवलं आणि १ एप्रिल २०२३ पासून ते बंद झाले. दुकानं राहिली, बसून प्यायची सोय गेली. पुढं १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर अशा तीर्थांच्या गावांतली दुकानंही बंद करण्यात आली.

भावोजी निवृत्त झाल्यावर अक्का देवासलाच स्थायिक झाली आहे. २०२४ च्या भाद्रपदात मी तिच्याकडं गेले, तेव्हा दोघी एक दिवस उदयनगरला जाऊन आलो. अहात्याच्या जागी ट्रॅक्टरचे सुटे भाग रचलेले. खिडकीला फळी ठोकलेली. मला वाटलं, संपलं. पण बसच्या थांब्याकडं गेलो तर हातगाडी, गाडीवर दोन तवे आणि मध्ये तोच पत्रा! या वेळी ती बाई नवऱ्याच्या शेजारी उभी होती, पैसे तीच घेत होती. बेंजो चाळीस रुपये.

‘धंदा कसा आहे?’ अक्कानं विचारलं. तो म्हणाला, निम्मा झाला. शुद्धीतला माणूस एक खातो, पिलेला तीन खायचा. पहिलं वर्ष कर्जात गेलं. बाई मध्येच म्हणाली, पण आता शाळेतल्या पोरी खातात, बाजाराला आलेल्या बायका खातात, आणि रात्री आठला आम्ही घरी असतो. नवरा-बायकोचा हिशेब वेगवेगळा होता आणि दोघांचाही खरा होता.

धुणंभांड्याच्या बाईलाही भेटलो. तिचं म्हणणं आणखी वेगळं. पायऱ्यांवर बसणं सुटलं, हे चांगलं झालं. हातात थोडे पैसे येतात. पण बाटली आता घरी येते, ओट्यावरच उघडते आणि नातू समोर बसून बघतो. ‘पहले हम उसके दरवाज़े पे बैठते थे, अब वो हमारे दरवाज़े पे बैठता है.’ तिनं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. विचारलं म्हणून सांगितलं. अहाते बंद झाले ते बरं झालं, असं मला आजही वाटतं. पण तिचं वाक्य ऐकल्यापासून ‘प्रश्न सुटला’ असं कुणी म्हटलं की मी गप्प बसते.

तिथूनच बेळगावला आईला फोन लावला. आई आता चौऱ्याऐंशीची. गाडी कुठं आहे, किंमत किती, हे काही तिनं विचारलं नाही. ‘तिच्या बोटांना आता आराम आहे का?’ एवढंच विचारलं. मी फोन त्या बाईकडं दिला. काय बोलल्या कोण जाणे, एक कन्नडमिश्रित हिंदीत आणि दुसरी मालवीत, पण दोघी खूप हसल्या. मिक्सर घेतला होता तिनं, पण मिक्सरमध्ये कीसाचं पाणी सुटतं आणि दाणा राहत नाही म्हणून ती अजून किसणीच वापरते. बोटं तशीच.

बाहेरून आलेली वस्तू आपल्या मातीत रुजते ती अशी. धारवाडचा पेढा आपण अभिमानानं पाहुण्यांपुढं ठेवतो, तो उन्नावहून प्लेगच्या काळात आलेल्या ठाकूर घराण्यानं सुरू केला. पाव पोर्तुगिजांचा, तो गोव्याच्या पोदेरानं दारोदारी नेला. उदयनगरच्या बेंजोत गोऱ्या शिपायाचं सँडविच आहे, इंदूरचं लोणी आहे आणि एका बाईनं अंडी परवडत नाहीत म्हणून घातलेला गावचा मका आहे. इंदूरकर त्याला बेंजो म्हणणार नाहीत कदाचित. आमच्या घरच्या पुरणपोळीला तरी कोल्हापूरकर कुठं पुरणपोळी म्हणतात? ‘होळिगे’ म्हणून नाक मुरडतात आणि चार खातात.

आता कृती. चार माणसांसाठी सहा कोवळी कणसं घ्यावीत. नखानं दाणा टोचल्यावर दूध आलं पाहिजे. जुनं, निबर कणीस घेऊ नये. बारीक भोकांच्या किसणीवर किसावीत, बोटं सांभाळून. कढईत दोन मोठे चमचे तूप, त्यात जिरं, हिंग, चार हिरव्या मिरच्या, थोडं आलं. कीस घालून मंद आचेवर कच्चा वास जाईपर्यंत परतावा. घाई केली तर खाली लागतो. मग वाटीभर दूध थोडं थोडं घालून घट्ट होईतो शिजवावा. मीठ, चिमूटभर साखर, आणि गॅस बंद केल्यावर लिंबू व कोथिंबीर. बनपाव लोण्यात शेकून आत कीसाचा जाड थर, वर चिमूटभर जिरावन (न मिळाल्यास चाट मसाल्यात भाजलेली बडीशेप कुटून घालावी) आणि बारीक शेव. खाणाऱ्यांसाठी एका अंड्याचं पातळ आम्लेट दुमडून वर ठेवावं. शेव अगदी शेवटी घालावी, नाहीतर नरम पडते.

बाबांचा परसातला तवा मी २०१० मध्येच परत आल्यावर घासून काढला. आता तो आत, गॅसच्या दुसऱ्या बर्नरवर असतो. मध्ये पत्रा लावायची गरज आईलाच वाटली नाही. सून एका वेळी दोन्ही तवे सांभाळते. उलथनी मात्र दोन ठेवायची, ही आईची अट अजून आहे आणि घरात ती सगळे पाळतात.